उभा फोटो, आडवा फोटो

“सर, आडवा काढला की जातोय. उभा काढला की अ‍ॅप बंद पडतंय बघा.”

परभणीकडच्या सर्व्हेअरचा हा फोन आला, तेव्हा मी नुसतं ‘हो, हो’ म्हटलं. नेटवर्कचं काहीतरी असणार. २०१८चा पावसाळा होता. पीकनुकसानीचे फोटो बांधावरूनच पाठवता यावेत म्हणून आम्ही पुण्यात बसून हे अ‍ॅप लिहिलं होतं, आणि ऑफिसातल्या फोनांवरून फोटो उभा असो की आडवा, निमूट अपलोड होत होता. दोन दिवस मी सर्व्हर उकरत बसलो. तिथे काहीच नव्हतं.

शेवटी त्याच्याकडे होतं तेच मॉडेल जुन्या फोनांच्या दुकानातून उचललं. अँड्रॉइड ६, रॅम २ जीबी, कॅमेरा १३ मेगापिक्सेल. केबल लावली, फोन उभा धरून टेबलावरच्या चहाच्या कपाचा फोटो काढला. अ‍ॅप उडालं. लॉगमध्ये लाल अक्षरांत तक्रार होती: ५१९१६८१२ बाईट्सची जागा मागितली, मिळाली नाही.

एवढा नेमका आकडा आला कुठून? फोटो ४१६० बाय ३१२० पिक्सेलचा. गुणाकार १,२९,७९,२००. प्रत्येक पिक्सेलला चार बाईट लागतात: लाल, हिरवा, निळा यांना एकेक आणि चौथा पारदर्शकतेला, जिचा फोटोत काडीचा उपयोग नाही. झाले ५,१९,१६,८००. वरचे १२ बाईट या बाईट्सच्या रांगेची स्वतःची नोंद ठेवायला. हिशेब पैशापैशाने जुळला.

फाइल मात्र जेमतेम ४ एमबीची होती. जेपेग म्हणजे कोरडा साबुदाणा. वाटीभर दिसतो म्हणून आपण लहान भांडं घेतो आणि सकाळी झाकण वर आलेलं असतं.

पण मग आडवा फोटो का जात होता? कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये आडवाच बसवलेला असतो. उभा फोटोही बरेच फोन आडवाच साठवतात आणि फाइलीतल्या एक्झिफ नोंदीत चिठ्ठी ठेवतात की दाखवताना ९० अंशांत फिरवा. आमचा कोड ती चिठ्ठी इमानदारीने वाचून फोटो फिरवायचा. फिरवलेली प्रत ठेवायला तेवढीच दुसरी जागा लागते. बावन्न आणि बावन्न, वर अ‍ॅपचे स्वतःचे तीस-पस्तीस एमबी. रॅम २ जीबी असली तरी त्या फोनने एका अ‍ॅपला घालून दिलेली मर्यादा होती १२८ एमबी. ऑफिसातले फोन अँड्रॉइड ८चे. तिथे चित्राचे पिक्सेल या मर्यादेबाहेरच्या मेमरीत जातात, म्हणून आम्हाला कधी काही दिसलंच नाही. सर्व्हेअरने पहिल्याच वाक्यात अचूक निदान सांगितलं होतं.

मॅनिफेस्टमध्ये एक ओळ घालून जास्त मेमरी मागता येते. सहकाऱ्याने तेच सुचवलं. मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी कॅमेरे ४८ मेगापिक्सेलचे झाले की परत तेच रडगाणं.

त्याऐवजी आधी फोटो न उलगडता फक्त त्याची लांबी-रुंदी विचारायची आणि मग दर दोन पिक्सेलांमागे एक घेत वाचायचा. दोन्ही बाजू निम्म्या, मेमरी पाव: तेरा एमबी. पिकावरचा करपा तेवढ्यातही स्वच्छ दिसतो. फिरवण्याचं काम सर्व्हरकडे दिलं.

नवी आवृत्ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळं सोयाबीन आडवं पडलं. वादळाने नव्हे, आमच्यामुळे. लहान केलेला फोटो पुन्हा जेपेग करून साठवताना एक्झिफ नोंद गळून जाते. तिच्याबरोबर अक्षांश-रेखांशही गेले होते, आणि ते नसतील तर फोटो कुठल्या शेताचा हे कोण ठरवणार? मूळ फाइलीतून त्या नोंदी नव्या फाइलीत उतरवणाऱ्या ओळी रात्री घातल्या.

महिन्याभराने त्याच सर्व्हेअरला विचारलं, “आता उभे फोटो जातात ना?”

“काय माहीत सर,” तो म्हणाला. “मी आता आडवेच काढतो.”