शुद्धलेखनाच्या आधीं

गेल्या महिन्यांत शेजारची एक मुलगी एम. ए. साठीं लिहिलेला आपला प्रबंध घेऊन मजकडे आली. "गुरुजी, एवढें शुद्धलेखन तपासून द्या," इतकीच तिची मागणी होती. विषय आपल्याच सोलापूर जिल्ह्यांतला: भीमा व सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथील मराठी शिलालेख.

पहिल्या पानावर दोन्ही नद्यांचे उगम होते, दुसऱ्यावर जिल्ह्याचें हवामान, पुढें चालुक्यांची वंशावळ. शिलालेखाची गांठ पडली ती अकराव्या पानावर. आणि त्याचा काळ, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८, हा तळटीपेंत दडलेला! मीं लाल पेन बाजूस ठेविलें. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. पण जें पान उद्यां काढूनच टाकावयाचें, त्याच्या वेलांट्या आज कशाला सुधारावयाच्या?

तिला कोरा कागद दिला आणि प्रत्येक परिच्छेद काय सांगतो तें एकेका वाक्यांत लिहावयास सांगितलें. चाळिसांपैकीं नऊ परिच्छेदांचें वाक्यच होईना. तीन परिच्छेद एकच गोष्ट सांगत होते. ती यादी पुढें ठेवतांच क्रम दिसूं लागला: लेख कोठें आहे, त्यांत काय आहे, त्याचा काळ कोणता, आणि मग वाद. नद्यांचे उगम गेले. संगम तेवढा राहिला, कारण मंदिर तेथें आहे.

खरी मौज पुढेंच. एक वाक्य असें होतें: "सदर शिलालेखाचें आद्यत्व विद्वानांकडून प्रतिपादिलें गेलें असल्याचें दिसून येतें." ऐकावयास मोठें भारदस्त! मीं विचारलें, "कोणीं प्रतिपादिलें? आणि आद्य म्हणजे कोणाच्या आधींचा?" श्रवणबेळगोळच्या लेखाला पुष्कळ वर्षें पहिलेपणाचा मान होता, त्याच्या आधींचा, असें ती म्हणाली. "आणि अलिबागजवळच्या अक्षीचा?" त्या लेखाचा शक कित्येक अभ्यासक ९३४ असा वाचतात, तसें असेल तर तो कुडलहून सहा वर्षांनीं जुना. त्या वाचनाविषयीं मतभेदही आहेत. मुलगी गप्प झाली. अक्षीचें नांव तिच्या टिपणांत होतें, प्रबंधांत नव्हतें. कर्ता गाळलेल्या त्या वाक्याखालीं ही अडचण बेमालूम झांकली गेली होती. तिनें तें मुद्दाम केलें असें मी म्हणणार नाहीं. असलीं वाक्यें प्रथम लिहिणाऱ्यालाच फसवितात.

दुसऱ्या खेपेस तिनें लिहिलें: "कुडलचा लेख शके ९४० चा आहे. अक्षीच्या लेखाचा शक ९३४ मानल्यास तो आधींचा ठरतो. तें वाचन न मानल्यास कुडलचा दावा बळकट होतो." भारदस्तपणा गेला खरा, पण आतां परीक्षकाला तिच्याशीं वाद तरी घालतां येईल.

मग सगळें मोठ्यानें वाचून घेतलें. मोडींत आपले पूर्वज शब्दसुद्धां न तोडतां लिहीत. विरामचिन्हें मराठींत रुळविण्यांत मेजर कँडी यांचा मोठा वाटा आहे. तरी स्वल्पविराम कोठें हवा हें अजून श्वासच उत्तम सांगतो. जेथें तिला धाप लागली, तेथें वाक्य तोडलें.

प्रबंधाचीं पानें निम्म्यावर आलीं आहेत. शुद्धलेखन मात्र तपासावयाचेंच राहिलें आहे. त्यासाठीं ती रविवारीं येणार आहे.