ठाण्यात घरं खरंच एवढी महागली का?

"ठाण्यात घरांची सरासरी किंमत इतक्या टक्क्यांनी वाढली" असली रील बघून घोडबंदर रोडवर भाड्याने राहणाऱ्या कुणाचाही जीव खाली-वर होतो. मग लोक घाईघाईत टोकन देऊन मोकळे होतात. त्यामुळे आज बोलायचं आहे ते या "सरासरी"बद्दल.

एक साधा हिशोब करू. आकडे सोयीसाठी घेतलेत. समजा, गेल्या वर्षी 10 फ्लॅट विकले गेले. 8 फ्लॅट 80 लाखांचे, 2 फ्लॅट 3 कोटींचे. सरासरी आली 1 कोटी 24 लाख. यंदाही 10च विकले, पण 80 लाखांचे फक्त 4 आणि 3 कोटींचे 6. सरासरी झाली 2 कोटी 12 लाख, म्हणजे थेट 71 टक्के वाढ! आता गंमत बघा, यात एकही फ्लॅट एका रुपयानेही महागलेला नाही. फक्त मोठे फ्लॅट जास्त विकले गेले.

आणि ठाण्यात नेमके असेच फ्लॅट येतायत. पोखरण रोडवरची रेमंडची जागा घ्या, कोलशेतची क्लॅरियंटची घ्या. जुन्या कारखान्यांच्या मोठमोठ्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. जमीन महाग घेतली की बिल्डरला छोट्या फ्लॅटपेक्षा क्लबहाऊस, डेकवाला थ्री बीएचके विकणं परवडतं. त्यात "लक्झरी" या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही. ब्रोशरवर कुणीही छापू शकतो. "अफोर्डेबल"ला मात्र जीएसटीत मर्यादा आहे: मुंबई महानगरात 60 चौरस मीटर कार्पेट आणि 45 लाख. त्यात बसलं तर बांधकाम चालू असलेल्या घरावर 1 टक्का जीएसटी, नाहीतर 5. ठाणे शहरात या मर्यादेतलं नवं घर शोधून बघा, मग बोलू.

दुसरी गोष्ट, सांगितलेला भाव म्हणजे झालेला सौदा नव्हे. मागणी थंडावली तरी बिल्डर रेट सहसा उघडपणे कमी करत नाही, कारण आधी घेतलेले लोक येऊन भांडतील. मग "स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून", "मॉड्युलर किचन फ्री", "पार्किंग सोडून देतो" असं सुरू होतं. कागदावर भाव तोच, पण खरा भाव उतरलेला.

मग खरा भाव कळणार कसा? इंडेक्स टू बघायचा. महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर सर्व्हे नंबर मिळतो. तो घेऊन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जायचं. जिल्हा, गाव, नंबर टाकला की नोंदलेले करार दिसतात. त्यात "मोबदला" म्हणजे करारात लिहिलेली रक्कम. शेजारचा "बाजारभाव" हा सरकारी रेडी रेकनरवरून काढलेला असतो, त्याला बाजारातला भाव समजू नका. (नाव असं का ठेवलंय, देव जाणे!)

त्याच बिल्डिंगमधले, त्याच आकाराचे, दोन वेगळ्या वर्षांतले करार शेजारी ठेवा आणि मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्ट-अप, ते आधी तपासा. एकीकडे कार्पेट आणि दुसरीकडे बिल्ट-अप धरलंत, तर भाव न बदलताही फरक दिसेल.

पुढच्या भागात गृहकर्जावर बोलू. कुणी इंडेक्स टू काढून बघितलाच, तर काय दिसलं ते कॉमेंटमध्ये टाका.