म्युनिक नावाची शिवी

मे २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तवाहिनीवरची चर्चा बरीच गाजली होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इस्रायलच्या संसदेत भाषण करताना शत्रूशी बोलणी करू पाहणाऱ्यांची तुलना हिटलरचा अनुनय करणाऱ्यांशी केली. रोख बराक ओबामांवर आहे हे सगळ्यांनी ओळखलं. त्यावर वाद घालायला आलेला एक रेडिओ-निवेदक तावातावाने ‘हे म्हणजे चेंबरलेनच’ असं बजावत होता. सूत्रसंचालक ख्रिस मॅथ्यूज यांनी त्याला साधा प्रश्न केला : १९३८ साली चेंबरलेन यांनी नेमकं काय केलं? पाहुण्याने आवाज चढवला, शब्द फिरवले, पुन्हा पहिल्या वाक्यावर आला. मॅथ्यूज तोच प्रश्न विचारत राहिले आणि धड उत्तर काही शेवटपर्यंत मिळालं नाही. लोक हसले. पण त्या पाहुण्याला एकट्याला हसण्यात अर्थ नव्हता. पाश्चात्त्य राजकारणावरच्या वादांत, मग ते संसदेतले असोत की चहाच्या टेबलावरचे, सत्तर वर्षं हेच चाललं होतं. ‘म्युनिक’ हा शब्द इतिहासातून उचलला गेला, शिवी म्हणून रुळला आणि रुळता रुळता त्यातला इतिहास गळून पडला.

या शिवीमागचा मूळ इंग्रजी शब्द, ‘अपीझमेंट’, सभ्य होता. कुणाची रास्त तक्रार दूर करून त्याला शांत करणं, भांडण मिटवणं, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी तो आपल्या धोरणासाठी राजरोस, किंबहुना अभिमानाने वापरत. मराठीत आपण त्याला अनुनय म्हणतो, जरा रागात असलो तर तुष्टीकरण, आणि अगदीच चिडलो तर लांगूलचालन, म्हणजे शेपूट हलवणं. इंग्रजीतल्या एकाच शब्दाने १९३८ ते १९४० या दोन वर्षांत अनुनयापासून लांगूलचालनापर्यंतचा सगळा उतार पार केला.

घटना थोडक्यात अशी. झेकोस्लोव्हाकियाच्या सरहद्दीवरच्या सुडेटन प्रदेशात तीस लाखांच्या आसपास जर्मनभाषक राहत. तो भाग हिटलरला हवा होता. एकोणसत्तर वर्षांचे, विमानप्रवासाची सवय नसलेले नेव्हिल चेंबरलेन सप्टेंबर १९३८ मध्ये पंधरवड्यात तीनदा जर्मनीला उडाले : बर्चेसगाडेन, गोडेसबर्ग आणि शेवटी म्युनिक. ३० सप्टेंबरच्या पहाटे हिटलर, मुसोलिनी, फ्रान्सचे दालादिए आणि चेंबरलेन अशा चौघांनी करारावर सह्या केल्या आणि सुडेटन प्रदेश जर्मनीला गेला. सकाळी चेंबरलेन यांनी हिटलरकडून आणखी एका कागदावर सही घेतली : आपले दोन देश पुन्हा कधी लढणार नाहीत. तोच कागद त्यांनी हेस्टनच्या विमानतळावर फडकावला. राजाराणीने त्यांना बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात उभं केलं. पॅरिसला परतलेल्या दालादिएंना वाटलं होतं की विमानतळावरची गर्दी आपल्याला फाडून खाईल. गर्दी जयजयकार करत होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीही अभिनंदनाची दोन शब्दांची तार पाठवली होती, आणि तीही परिषद व्हायच्या आधीच.

हे सांगायचं कारण असं की ‘सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्या म्हाताऱ्याला दिसलं नाही’ ही पुढे रुजलेली समजूत साफ खोटी आहे. कॉमन्स सभागृहात चार दिवस चर्चा झाली. डफ कूपर यांनी नौदलमंत्रिपद सोडलं, चर्चिल यांनी हा निखळ पराभव असल्याचं सुनावलं, आणि ठराव ३६६ विरुद्ध १४४ मतांनी सरकारच्या बाजूने गेला. उलट, म्युनिकला विरोध म्हणजे युद्धाची खुमखुमी, हेही खरं नव्हतं. ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी त्याच ऑक्टोबरात या शांततेवर कठोर टीका केली आणि झेक जनतेला अहिंसक प्रतिकाराचा सल्ला दिला. तो सल्ला कितपत व्यवहार्य होता हा वेगळा वाद. पण उभ्या आयुष्यात शस्त्र हाती न धरणारा माणूसही म्युनिक चूक म्हणत होता, हे आजच्या वादवीरांच्या गणितात बसत नाही.

मार्च १९३९ मध्ये हिटलर प्रागमध्ये शिरला, सप्टेंबरात युद्ध पेटलं, मे १९४० मध्ये चेंबरलेन पायउतार झाले आणि जुलैत ‘गिल्टी मेन’ हे छोटेखानी पुस्तक आलं. मायकेल फूट आणि आणखी दोन पत्रकारांनी ‘केटो’ या टोपणनावाने ते लिहिलं. दोषी म्हणून पंधरा नावांची यादीच त्यात दिली होती. डब्ल्यू. एच. स्मिथसारख्या बड्या विक्रेत्याने ते ठेवायला नकार दिला, तरी प्रती लाखांनी खपल्या. पराभवाच्या छायेतल्या देशाला जबाबदार माणसं हवी होती, ती मिळाली. चेंबरलेन त्याच नोव्हेंबरात कर्करोगाने गेले. १९४८ मध्ये चर्चिल यांच्या युद्धस्मृतींचा पहिला खंड आला आणि खटल्याचा निकाल जणू कायम झाला. फिर्यादीच इतिहासकार झाल्यावर दुसरं काय होणार! गंमत म्हणजे मृत्यूनंतर तीनच दिवसांनी चेंबरलेन यांना श्रद्धांजली वाहताना खुद्द चर्चिल यांनी त्यांच्या सचोटीची कदर केली होती आणि काळ पुढे सरकला की माणसांची मापंही बदलतात, असं बजावून ठेवलं होतं.

मापं बदललीच. १९६१ मध्ये ए. जे. पी. टेलर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या उगमावर पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली. १९६७ मध्ये ब्रिटिश सरकारने दप्तरं उघडण्याची मुदत पन्नास वर्षांवरून तीसवर आणली आणि १९३० च्या दशकातल्या मंत्रिमंडळाचे कागद अभ्यासकांच्या हाती पडले. त्यात दिसलेला चेंबरलेन भोळसट नव्हता. तिजोरीत पैसा बेताचा, पूर्वेला जपान, भूमध्य समुद्रात इटली, कॅनडा-दक्षिण आफ्रिका लढायला नाखूश, आणि सेनाप्रमुखांचा लेखी इशारा की आत्ता युद्ध नको. मग ‘दुसरं तो करणार तरी काय होता’ असा सूर लागला. १९९३ मध्ये आर. ए. सी. पार्कर यांनी त्याच कागदांच्या आधारे तोही उतरवला : पर्याय होते, चेंबरलेन यांनी ते हट्टाने बाजूला सारले.

या सगळ्या उलटसुलट निकालांत मला पार्कर यांचं म्हणणं खरं वाटतं, आणि त्याचा पुरावा चेंबरलेन यांच्याच पत्रांत आहे. ते आपल्या बहिणींना, आयडा आणि हिल्डा यांना, नेमाने लिहीत. बर्चेसगाडेनहून परतल्यावर १९ सप्टेंबरच्या पत्रात त्यांनी आयडाला कळवलं की हिटलरच्या चेहऱ्यावर कठोरपणा दिसला तरी हा माणूस दिलेल्या शब्दाला जागेल असं मला वाटलं. हा भित्र्या माणसाचा कबुलीजबाब नाही. स्वतःच्या पारखीवर फार विश्वास असलेल्या माणसाचा आहे. भित्रा माणूस वेळ मारून नेतो आणि मनातून सावध राहतो. चेंबरलेन यांनी कागद फडकावला तो मनापासून. म्हणूनच ‘म्युनिक म्हणजे धैर्याचा अभाव’ हे लोकप्रिय निदान मला चुकीचं वाटतं. बोलायला जाणं ही चूक नव्हती. समोरच्याला काय हवंय याचा अंदाज चुकला, त्याबदल्यात जे देऊन टाकलं त्याची किंमत कळली नाही, आणि ते आपलं नव्हतंच, ही चूक होती.

किंमत म्हणजे काय ते हिशेब मांडल्यावर दिसतं. चेंबरलेन यांच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की म्युनिकने एक वर्ष मिळवून दिलं, आणि त्या वर्षाने ब्रिटन वाचलं. यात तथ्य आहे. स्पिटफायर विमानं डक्सफर्डच्या पहिल्या स्क्वाड्रनला मिळायला लागली ती ऑगस्ट १९३८ मध्ये. म्युनिकच्या वेळी ती बोटांवर मोजण्याइतकी होती. रडारची साखळीही तेव्हा थेम्सच्या मुखाभोवतीच्या मोजक्या केंद्रांपुरती होती. आणि बॉम्बफेकी विमानांऐवजी लढाऊ विमानांवर पैसा खर्च करण्याच्या निर्णयामागे चेंबरलेन यांचंच सरकार होतं. पण वर्ष काही एकट्या ब्रिटनला मिळालं नाही. सुडेटनबरोबर झेकांची डोंगरातली काँक्रीटची तटबंदी गेली, पस्तीसच्या आसपास डिव्हिजन उभ्या करू शकणारं सैन्य हिशेबातून गेलं, आणि सहा महिन्यांनी प्लझेनचा स्कोडा कारखाना सगळ्या तोफांसकट जर्मनांच्या हाती आला. मे १९४० मध्ये फ्रान्समधून मुसंडी मारणाऱ्या रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनचे निम्म्याच्या आसपास रणगाडे ‘३८ टी’ जातीचे होते. त्यातलं ‘टी’ हे ‘झेक’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचं आद्याक्षर.

आता या घटनेचा पुढच्या वादांत वापर कसा झाला ते पाहा. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते अँथनी ईडन, म्हणजे फेब्रुवारी १९३८ मध्ये चेंबरलेन यांच्याशी न पटून परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा माणूस. त्यांना नासरमध्ये मुसोलिनी दिसला. फ्रान्सच्या गी मोले यांना हिटलर दिसला. विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांनीही सुरुवातीला तीच तुलना केली. नासर यांच्या हातात होता एक कालवा, तोही त्यांच्याच देशातला. फौजा उतरल्या, अमेरिकेने डोळे वटारले, काही दिवसांत लढाई थांबवावी लागली आणि दोन महिन्यांनी ईडन यांचं पद गेलं. १९६५ च्या जुलैत व्हिएतनाममधलं सैन्य पाऊण लाखावरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा करताना अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनीही म्युनिकचाच धडा सांगितला. त्या धड्याचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

यांच्यामधला १९६२ चा प्रसंग जास्त बोलका आहे. क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवर ताबडतोब हल्ला करा, असा आग्रह धरणारे हवाईदलप्रमुख कर्टिस लमे यांनी १९ ऑक्टोबरला अध्यक्ष केनेडींना तोंडावर सांगितलं की नाकेबंदी म्हणजे जवळजवळ म्युनिकइतकंच वाईट. ध्वनिफितीवर ते आहे. घाव वर्मी होता : केनेडींचे वडील १९३८ मध्ये लंडनला राजदूत होते आणि चेंबरलेन यांचे खंदे समर्थक; खुद्द केनेडींचा विद्यार्थिदशेतला प्रबंध म्युनिकवरच होता. विषयाचा अभ्यास असलेला माणूस शिवीला बधला नाही. त्याने नाकेबंदी केली, बोलणी केली आणि तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं कबूल केलं, मात्र गुपचूप. ती देवाणघेवाण वर्षानुवर्षं लपवण्यामागे या शब्दाची धास्ती होतीच, असं माझं मत. आणि धास्ती पोकळ नव्हती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये, स्वच्छ उन्हात, केनेडींची मोटार जाताना रस्त्याच्या कडेला एकाने काळी छत्री उघडून धरली होती. हत्येच्या संशयकथांत ही छत्री पुढे पंधरा वर्षं फिरत राहिली. १९७८ मध्ये तो माणूस अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे आला आणि त्याने सांगितलं की छत्री म्हणजे चेंबरलेन यांची खूण. बापाच्या भूमिकेवरून मुलाला डिवचायचं, एवढाच हेतू होता.

या शिवीतून रेगनसुद्धा सुटले नाहीत. गोर्बाचेव्ह यांच्याशी त्यांनी डिसेंबर १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला तेव्हा त्यांच्याच गोटातल्या कडव्या मंडळींनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या : एकीकडे चेंबरलेन आणि हिटलर, दुसरीकडे रेगन आणि गोर्बाचेव्ह. चार वर्षांत सोव्हिएत संघच उरला नाही.

यावर रास्त आक्षेप असा की, मग इतिहासापासून शिकायचंच नाही का? तुलना केल्याशिवाय माणूस विचार तरी कसा करणार? आणि काही वेळा तुलना बरोबरही निघते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस म्हणाले की हवेत म्युनिकचा वास येतोय; दहा-अकरा दिवसांत रशियन रणगाडे युक्रेनमध्ये घुसले. आक्षेप मान्य. पण वॉलेस यांची भीती खरी ठरली ती १९३८ मुळे नव्हे. सरहद्दीवर जमलेलं लाखाच्या वरचं सैन्य, क्रिमियाचा अनुभव, पुतीन यांचं स्वतःचं लिखाण, हा २०२२ चा पुरावा त्यांच्यापाशी होता. म्युनिकचं नावही न काढता ते त्याच निष्कर्षाला आले असते. नासर किंवा गोर्बाचेव्ह यांच्याबाबत असा पुरावा नव्हता, म्हणूनच तिथे उपमेला पुराव्याची जागा घ्यावी लागली. तुलना जरूर करावी. पण समोरच्याला किती हवंय, आपण काय देतोय आणि ते कुणाचं आहे, हे तीन प्रश्न सोडवायला ती मदत करते की टाळायला, एवढं तपासावं.

तिसरा प्रश्न तर या ऐंशी वर्षांच्या वादात जवळजवळ कुणीच विचारला नाही. इंग्रजीत म्युनिक हे एका धोरणाचं नाव आहे; झेक भाषेत त्याला म्युनिकचा विश्वासघात म्हणतात. लंडन-वॉशिंग्टनचे लोक चेंबरलेन भित्रे की शहाणे यावर भांडत राहिले. झेकांचा प्रश्न निराळा होता : आमच्याबद्दल ठरत होतं तेव्हा आम्ही कुठे होतो? त्यांचे दोन अधिकारी, मास्टनी आणि मासारझिक, परिषद चालू असताना हॉटेलात पहाऱ्यात बसून होते. मध्यरात्र उलटल्यावर त्यांना बोलावून निर्णय हातात ठेवला. चेंबरलेन त्या वेळी न लपवता जांभया देत होते, असं मासारझिक यांनी आपल्या टिपणात नोंदवलंय. सप्टेंबर १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांनी प्रागच्या संसदेत या प्रकाराची लाज वाटते असं जाहीरपणे सांगितलं. त्याआधी, ११ डिसेंबर १९७३ रोजी, पश्चिम जर्मनीने म्युनिकचा करार निरर्थक असल्याचं प्रागला झालेल्या तहात लिहून दिलं होतं. त्या टेबलावर झेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी बसलेले होते.