मृत जनावरातील विष आणि अळ्यांची साक्ष

चरायला गेलेली गाय संध्याकाळी परतत नाही आणि चौथ्या दिवशी ओढ्याकाठी मृतावस्थेत सापडते. मृत्यू सर्पदंशाने, आजाराने की कीटकनाशकाने, हा प्रश्न पशुविम्यापुरता राहत नाही. कधी तो शेजाऱ्यावरील फौजदारी तक्रारीपर्यंत जातो. तोवर रक्त व मऊ ऊती कुजलेल्या असतात. अशा वेळी शवावरील अळ्या तपासास साहाय्यभूत ठरतात.

अळ्यांचे घड्याळ

निळसर-हिरव्या चकाकीच्या क्रायसोमाया वंशातील माश्या मृत्यूनंतर अल्पावधीतच शवाच्या डोळे, नाक, तोंड व जखमांवर अंडी घालतात. उष्ण हवामानात अंडी साधारणतः एका दिवसात उबतात. अळी दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत जाते आणि पूर्ण वाढ झाल्यावर मातीत कोषावस्था घेते. ही वाढ तापमानावर अवलंबून असल्याने अळीच्या वयावरून मृत्यूनंतर लोटलेला किमान काळ काढता येतो.

विषामुळे होणारी गफलत

शवात विष असल्यास हे घड्याळ चुकते. हवाई बेटांवर मॅलॅथिऑन प्राशन केलेल्या व्यक्तीच्या शवावरील क्रायसोमाया मेगासेफाला व क्रायसोमाया रुफिफेसीस यांच्या अळ्यांत ते कीटकनाशक आढळल्याची नोंद १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. या दोन्ही प्रजाती भारतातही सर्वत्र आढळतात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांमुळे माश्या अंडी उशिरा घालतात. परिणामी मृत्यू प्रत्यक्षाहून अलीकडचा वाटतो. याउलट, कोकेनयुक्त ऊतींवर मांसमाशीच्या अळ्या जलद वाढल्याचे सशांवरील प्रयोगांत दिसले. तेथे मृत्यू अधिक जुना भासतो.

मात्र जे विष गफलत करते, तेच अळीच्या शरीरात पुरावा म्हणूनही उरते. खाणे थांबल्यावर अळी ते झपाट्याने उत्सर्जित करते, म्हणून शवावर खात असलेल्या अळ्याच तपासणीस योग्य. अळीतील प्रमाणावरून जनावराच्या पोटात गेलेली मात्रा ठरवता येत नाही; विषाचे अस्तित्व तेवढे सिद्ध होते.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी

• संशयास्पद मृत्यूची खबर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्वरित द्यावी. वन्यप्राणी असल्यास वनविभागास कळवावे.
• शवविच्छेदनापूर्वी शव पुरू नये. दुर्गंधी वा माश्यांसाठी त्यावर कीटकनाशक भुकटी टाकू नये. त्याने विषाचा खोटा पुरावा निर्माण होतो.
• नमुने अधिकाऱ्यांनीच घ्यावेत. वय ठरवण्यासाठीच्या अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये, तर विष तपासणीच्या अळ्या अल्कोहोलविना गोठवून ठेवतात.
• जागा सावलीची की उन्हाची, पाऊस झाला का, शव केव्हा दिसले, हे लिहून ठेवावे.

संशय गावभर पसरण्यास एक दिवस पुरतो, तो फिटण्यास मात्र पुरावाच लागतो. म्हणून शवावरील अळ्या किळस मानून झाडून टाकण्यापूर्वी त्यांची साक्ष नोंदवून घेणे हिताचे.