वाचकाला जखम चालते, हिशेब चालत नाही

अरुंधती रॉय यांचं ‘मदर मेरी कम्स टू मी’ सप्टेंबर २०२५ मध्ये आलं आणि पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा मुखपृष्ठावर काय दिसतंय याचीच चर्चा काही काळ रंगली. तोंडात विडी असलेल्या छायाचित्रावरून केरळ उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि ऑक्टोबरमध्ये ती फेटाळली गेली. ते प्रकरण वाचकांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर घडलेलं. हे आत्मकथन वाचलेल्यांनी १९९७ची ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ पुन्हा हातात घेतली आणि जोड्या लावायला सुरुवात केली. अम्मू म्हणजे लेखिकेची आई मेरी रॉय. लोणच्याचा कारखाना चालवणारा, ऑक्सफर्डला शिकलेला चाको म्हणजे लेखिकेचा मामा. आयमेनेमचं घर म्हणजे अमुक घर. कादंबरीकाराच्या आत्मचरित्राचा वाचकावर होणारा सर्वांत गाजावाजाचा परिणाम हाच असतो, आणि माझ्या मते सर्वांत उथळही हाच. मेरी रॉय यांनी त्रावणकोरच्या १९१६च्या ख्रिस्ती वारसा कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्या कायद्यानुसार मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढंच मिळे. १९८६ मध्ये त्या जिंकल्या. कोट्टायममध्ये त्यांनी नावाजलेली शाळा उभी केली आणि २०२२ मध्ये वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कादंबरीतली अम्मू मात्र घरावर कसलाही हक्क नसताना, एकतिसाव्या वर्षी, एका लॉजच्या खोलीत एकटी मरते. आत्मकथन हाती असलेला वाचक साम्यं मोजत राहतो. पण आयुष्यात जिंकलेली बाई कादंबरीत हरवावीशी का वाटली, हा खरा प्रश्न आहे, आणि तो या फरकातूनच उभा राहतो.

याहून खोल परिणाम दुसरा असतो. पुस्तक कसं तयार होतं याविषयी वाचकाच्या मनात एक श्रद्धा असते आणि आत्मचरित्र तिला हात घालतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं आहे. ४७ कादंबऱ्या लिहिणारे अँथनी ट्रॉलप डिसेंबर १८८२ मध्ये वारले. आत्मचरित्राचं हस्तलिखित त्यांनी काही वर्षं आधीच पुरं करून मुलाच्या स्वाधीन केलं होतं, आणि आपल्या मृत्यूनंतरच ते छापावं असं सांगून ठेवलं होतं. १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, वेळेवर उठवून कॉफी आणून देणाऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा द्यायचे, समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे, ही त्यांची रीत. आधीचं वाचून तीन तासांची बैठक झाली, की न्याहारी करून टपाल खात्याच्या नोकरीवर. रोज किती पानं झाली याची वहीत नोंद, रिकाम्या गेलेल्या दिवसाचीसुद्धा. प्रवासात गुडघ्यावर पाटी ठेवून शिसपेन्सिलीने लिहायचं आणि बायकोने नंतर त्याची स्वच्छ प्रत करायची. १८५८ मध्ये टपाल खात्याच्या कामासाठी इजिप्तला निघाले असताना बोट लागत होती. मळमळ अनावर झाली की टेबलावरून उठून ते आपल्या खोलीकडे धावत आणि परत येऊन ठरलेली पानं पुरी करत. ‘डॉक्टर थॉर्न’ असं लिहिलं गेलं. ते संपलं आणि दुसऱ्याच दिवशी पुढच्या कादंबरीचं पहिलं पान सुरू झालं.

एवढ्यावर ते थांबले असते तर वाचकांनी कदाचित कौतुक केलं असतं. पण ट्रॉलप यांनी आत्मचरित्राच्या शेवटी आपल्या पुस्तकांची यादी दिली आणि प्रत्येकापुढे मिळालेली रक्कम लिहिली. १८४७च्या पहिल्या कादंबरीपुढे ४८ पौंड ६ शिलिंग ९ पेन्स. १८६४च्या ‘कॅन यू फरगिव्ह हर?’पुढे ३,५२५ पौंड. खाली बेरीज : ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. कादंबरीकाराने चांभारासारखं काम करावं, एक जोडा झाला की दुसरा हाती घ्यावा, असंही त्यांनी लिहिलं. स्फूर्ती येईपर्यंत वाट पाहणं त्यांना हास्यास्पद वाटे. मायकेल सॅडलर यांनी १९२७ मध्ये ट्रॉलप यांच्यावर ग्रंथ लिहून त्यांना पुन्हा वाचकांसमोर आणलं, तेव्हा मधल्या काळातल्या उपेक्षेचा मोठा दोष त्यांनी याच आत्मचरित्रावर ठेवला. घड्याळ आणि बेरीज या दोन गोष्टी ट्रॉलप यांच्या नावाला कायमच्या चिकटल्या.

आता याच्या शेजारी चार्ल्स डिकन्स ठेवून पाहावेत. त्यांनी आत्मचरित्र पुरं केलं नाही. लिहिलेला एक तुकडा मित्र जॉन फॉर्स्टर यांच्याकडे दिला होता. १८७० मध्ये डिकन्स गेल्यावर फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून, १८७२ पासून, तो लोकांसमोर आला. वडील कर्जापायी तुरुंगात आणि बारा वर्षांचा मुलगा बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवतोय, हे तोवर त्यांच्या मुलांनाही माहीत नव्हतं. ही एक गोष्ट उघडकीस आल्याने ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ कायमची नव्या उजेडात वाचली जाऊ लागली आणि डिकन्सवरची माया वाढली. दोन कादंबरीकार एकाच शहरातले, एकाच काळातले, दोघांची कबुली मरणोत्तर. एकाला प्रेम मिळालं, दुसऱ्याला नाकं मुरडलेली पाहावी लागली असती. यावर कोणी म्हणेल की डिकन्सचं बालपण करुण होतं, ट्रॉलपकडे काय होतं? होतं, आणि त्याच पुस्तकात होतं. हॅरोच्या श्रीमंत मुलांच्या शाळेत फाटक्या कपड्यांत चिखल तुडवत येणारा मुलगा, त्याच्या गलिच्छ अवतारावरून भर रस्त्यात त्याचा पाणउतारा करणारे मुख्याध्यापक, विंचेस्टरला हातखर्च बंद झाल्यावर एकटं पडणं, मनोऱ्यावरून उडी टाकण्याचे विचार. वडिलांचं दिवाळं निघाल्यावर कुटुंब बेल्जियममधल्या ब्रुजला पळालं. तिथे क्षयाने मरणारा मुलगा आणि खंगलेला नवरा यांच्या उशाशी औषधाच्या बाटल्यांजवळ दौत ठेवून आई कादंबऱ्या लिहीत होती, कारण घर त्यावर चालत होतं. आई लिहिताना दिसते तो भाग कोणत्याही भाषेतल्या उत्तम आत्मचरित्रात शोभेल असा आहे. तरी टीकाकारांच्या लक्षात राहिली ती बेरीज. आत्मचरित्रात वाचक लेखकाची जखम शोधतो आणि ती सापडली की लेखकाला आपलंसं करतो. हिशेब सापडला की त्याला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

असं का व्हावं, याचा थोडा माग मानसशास्त्राच्या प्रयोगांतून लागतो. २००४ मध्ये जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक कविता वाचायला दिली. काहींना सांगितलं की ती लिहायला चार तास लागले, काहींना सांगितलं अठरा तास. अठरा तासवाल्यांना तीच कविता अधिक सरस वाटली. २०११ मध्ये चिया-जुंग त्साय आणि महजरीन बानाजी यांनी संगीतातल्या जाणकारांना एकाच पियानोवादिकेचे दोन तुकडे ऐकवले. एका तुकड्याआधी सांगितलं की कलावंत उपजत प्रतिभेची आहे, दुसऱ्याआधी सांगितलं की तिने कष्टाने कमावलं आहे. आपण कष्टांना महत्त्व देतो, असं या जाणकारांनी आधी सांगितलं होतं. ऐकल्यावर मात्र त्यांचं माप उपजत प्रतिभेच्या पारड्यात पडलं. दोन्ही निष्कर्ष वरवर एकमेकांविरुद्ध दिसतात, पण ट्रॉलप यांच्या बाबतीत ते एकत्र येतात. त्यांनी दाखवलेला वेग पाहून पुरेसे कष्ट नाहीत असं वाटलं, आणि वही-घड्याळ पाहून प्रतिभा नाही असं वाटलं. वाचकाला श्रम हवे असतात, पण ते तळमळीच्या रूपात. रोज पहाटेच्या हजेरीच्या रूपात आले की ते त्याला श्रम वाटत नाहीत.

या मांडणीवर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. ट्रॉलप यांची उतरती कळा आत्मचरित्राच्या आधीच लागली होती. १८७५ची ‘द वे वी लिव्ह नाऊ’, आज त्यांची थोर कादंबरी मानली जाते ती, तेव्हा थंडपणे घेतली गेली. १८७९च्या ‘जॉन कॅल्डिगेट’चे १,८०० पौंड मिळाले, म्हणजे १८६४च्या निम्म्याच्या आसपास. शिवाय १८८३ मध्ये आत्मचरित्रावर आलेले बरेच अभिप्राय आदराचेच होते. तेव्हा आत्मचरित्राने लेखकाला मारलं ही गोष्ट अतिरंजित आहे, हे कबूल. पण त्याने माझा मुद्दा उलट पक्का होतो. अभिरुची बदलत होती आणि ती का बदलली हे कुणाला नेमकं सांगता येत नव्हतं. आत्मचरित्राने एक तयार कारण पुरवलं. ‘यंत्रासारखं लिहायचा’ हे वाक्य कादंबरी न वाचताही म्हणता येत होतं. आत्मचरित्राचा परिणाम सर्वाधिक होतो तो अशा लोकांवर, ज्यांनी कादंबऱ्या वाचलेल्याच नाहीत.

दुसरा आक्षेप असा की घाईत लिहिलेलं घाईचंच असणार आणि वाचकाला हे कळलं तर बिघडलं कुठे? मग पुरावा पुस्तकांतून दाखवायला हवा. आत्मचरित्र येण्यापूर्वी पस्तीस वर्षं वाचक या कादंबऱ्या वाचत होते, पण त्यांतून पाव तासांचे सांधे कुणाला दिसले नव्हते. ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बारसेट’मधला जोसाया क्रॉली, चेकच्या चोरीचा आळ आलेला, मानी आणि अर्धवट भ्रमिष्ट झालेला गरीब धर्मोपदेशक, याच घड्याळापुढे जन्मला. ट्रॉलप यांनी स्वतःच एकदा नावाचा प्रभाव तपासून पाहिला होता. ‘नीना बालाट्का’ ही कादंबरी त्यांनी १८६६-६७ मध्ये ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात निनावी छापली. तिला फारशी मागणी आली नाही. ‘स्पेक्टेटर’च्या आर. एच. हटन यांनी मात्र शैलीवरून लेखक ओळखला. सामान्य वाचक लेखकाकडे पाहून पुस्तक उचलतो आणि मोजके जण पुस्तकावरून लेखकाकडे जातात, हे त्या प्रयोगात स्वच्छ दिसलं. आत्मचरित्र पहिल्या प्रकारच्या वाचकाच्या हाती पडतं तेव्हा ते धोक्याचं असतं.

आणि आत्मचरित्र तरी कितपत खरं, हाही प्रश्न रास्त आहे. कादंबरीकाराला गोष्ट रचायची सवय असते. ट्रॉलप यांनी पत्नी रोझ हिच्या वाट्याला मोजकीच वाक्यं दिली आहेत. अपमानित मुलगा ते यशस्वी गृहस्थ हा सगळा चढ त्यांनी एखाद्या कादंबरीसारखा बेतला आहे. म्हणूनच मला त्यांच्या बालपणापेक्षा त्यांची वही अधिक मोलाची वाटते. जखम पडताळून पाहता येत नाही. पानांचा हिशेब पाहता येतो, कारण त्यांच्या कामाच्या वह्या आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि दर आठवड्याच्या अंकासाठी कादंबऱ्यांची प्रकरणं लिहिली. त्यांतल्या काही अपुऱ्याच राहिल्या. ‘पण लक्षात कोण घेतो?’ला अंकाची तारीख पाळावी लागली होती, हे आपण सहसा बोलत नाही. बाबुराव अर्नाळकरांबद्दल मात्र हजाराहून अधिक रहस्यकथांचा आकडाच आधी बोलला जातो आणि गोष्ट मागे पडते. विश्राम बेडेकरांचं ‘एक झाड आणि दोन पक्षी’ १९८४ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘रणांगण’ कादंबरीतली हॅर्टा खरी होती का, ही विचारणा त्या पुस्तकाभोवतीही होत राहिली. स्वतःच्या आयुष्याकडे तिऱ्हाइतासारखं पाहण्याची बेडेकरांची पद्धत हीच त्या आत्मचरित्राची खरी कमाई, पण ओळखीची माणसं शोधणाऱ्याच्या हाती ती लागत नाही.

अलीकडे वारा उलटा वाहतो आहे. हारुकी मुराकामी रोज दहा पानं लिहितात आणि धावतात, हे वाचून आजचा वाचक भारावतो. कादंबरीलेखनाच्या व्यवसायावरच्या पुस्तकात त्यांनी ट्रॉलप यांचाही दाखला दिला आहे. स्टीफन किंग यांनीही २०००च्या ‘ऑन रायटिंग’मध्ये टपाल खात्यातल्या या लेखकाची आठवण काढली. १८८३ मध्ये जी शिस्त कमीपणाची ठरली ती आज गुण ठरते. मला यात आनंदाबरोबर काळजीही वाटते. पहाटे उठण्याचे धडे घेण्यासाठी आत्मचरित्र वाचणारा वाचक कादंबरीपासून तितकाच दूर राहतो, जितका तेव्हाचा नाक मुरडणारा राहिला होता. लिहू पाहणाऱ्यांना मात्र ही पुस्तकं मनापासून द्यावीत. वर्षाला ९० पौंडांवर कारकून म्हणून लागलेला माणूस नोकरी सांभाळून क्रॉली निर्माण करू शकतो, हे कळल्याने कितीतरी जणांची ‘मला वेळच नाही’ ही सबब गळून पडेल.

ज्यांना ट्रॉलप नव्याने वाचायचे आहेत त्यांनी १८५५च्या ‘द वॉर्डन’पासून सुरुवात करावी. छोटी कादंबरी आहे, वृद्धाश्रमाच्या धर्मादाय पैशांवरून एका भल्या म्हाताऱ्याच्या मनात उठलेल्या वादळाची. मग ‘बारचेस्टर टॉवर्स’, मग ‘लास्ट क्रॉनिकल’. आत्मचरित्र त्यानंतरच उघडावं, आणि उघडलं की शेवटची यादी गाळू नये.