प्रगत मूत्रपिंडविकारातील श्रमक्षमता आणि हृदय

मांजरीहून हडपसरला डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णास जिना चढताना धाप लागली, की घरची मंडळी 'अशक्तपणा' म्हणून विश्रांती सुचवितात. ही समजूत तपासणे आवश्यक आहे. मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटास १५ मिलिलिटरखाली जाते, तोवर एरिथ्रोपोएटिनअभावी हिमोग्लोबिन बहुधा घटलेले असते. रक्तदाबाने डाव्या जवनिकेची भिंत जाड होते, कॅल्शियम साचून धमन्या ताठरतात. श्रमकाळी नाडीही पुरेशी वाढत नाही. त्यात पडून राहिल्याने स्नायू झिजतात, आणि धाप अधिकच लवकर लागते! 'केडीगो'ने २०२४ मध्ये आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, अथवा हृदयास झेपेल तेवढा, सुचविला आहे. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, ही चाचणी दवाखान्याच्या व्हरांड्यातही घेता येते.