घर किती तापतं, याचंही माप आहे

फ्रिज घेताना आपण तारे मोजतो; फ्लॅट घेताना चटई क्षेत्र, पार्किंग आणि स्टेशन किती लांब, एवढंच विचारतो. वास्तविक ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्येच ‘इको निवास संहिता’ आणली. थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या वर जाऊ नये, ही तिची मुख्य अट. छपराचा हिशेब वेगळा.

इथे बिल्डरची निवड उघडी पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची भिंत झटपट उभी राहते, पण एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत सोडते. पश्चिमेची मोठी साधी काच म्हणजे तर संध्याकाळच्या एसीची बेगमीच! तिथलं ऊन तिरपं येतं, त्यामुळे नुसत्या आडव्या छज्ज्याने फारसं भागत नाही.

खिडकीचं मापही फसवं. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून संहिताही ती निम्मीच धरते. मुंबईच्या दमट हवेत उघडणारा भाग चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, हवा.

ब्यूरोची घरांसाठी एक ते पाच ताऱ्यांची योजनाही आहे, पण ऐच्छिक. वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज लागेल, यावर तारे ठरतात. बुकिंगच्या वेळी लॉबीतल्या एलईडीचं कौतुक ऐकून घ्या, आणि मग भिंत कशाची, काच कोणती, ते विचारा.